भिंतीवरचे दरबार: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात इस्फहानच्या चेहेल सोतून राजवाड्यातील एका भित्तिचित्राचे छायाचित्र छापले होते. इराणचा शाह तहमास्प आणि आश्रयाला आलेला मुघल बादशाह हुमायून शेजारी-शेजारी बसले आहेत आणि समोर वादक व नर्तकी आहेत, असे ते चित्र आहे. त्यावरून बडोदे आणि इंदूर येथील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न: रावपुऱ्यातील तांबेकर वाडा पाहताना आमच्याबरोबरच्या एका जाणकार गृहस्थांनी सांगितले की, तेथील भित्तिचित्रे इराणी राजवाड्यांतील चित्रांवरून काढलेली आहेत. आपल्या अंकातील छायाचित्र पाहून मलाही साम्य वाटले. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, बडोदे)

तांबेकर वाड्याच्या चित्रकारांनी इराणमधील एखादा राजवाडा किंवा त्याची नक्कल पाहिली होती असे मानण्यास आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांच्या या वाड्यात कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, त्या काळचे मराठी सरदारी जीवन आहे आणि मधूनच युरोपीय पेहरावातील माणसेही आहेत. या चित्रांचे जवळचे नाते गुजरात, राजस्थान आणि मराठी मुलखातील वाड्यांशी व देवळांशी आहे. तरीही आपल्याला जाणवलेले साम्य खोटे नाही. ते कोठून आले असावे, हे समजण्यासाठी आधी इस्फहानच्या भिंतीवर काय आहे ते पाहावे लागेल.

चेहेल सोतून हा राजवाडा दुसऱ्या शाह अब्बासच्या कारकिर्दीत १६४७ साली उभा राहिला. त्याच्या मुख्य दिवाणखान्यात भिंतींच्या वरच्या भागात आज सहा मोठी ऐतिहासिक चित्रे दिसतात आणि त्यांपैकी चार सफवी काळातील, म्हणजे तहमास्प व अब्बास ज्या घराण्यातले होते त्या घराण्याच्या काळातील आहेत. एकात त्या घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल उझबेकांशी लढत आहे. उरलेल्या तीन चित्रांत इराणचा शाह परक्या राजाचा पाहुणचार करीत आहे: तहमास्पाकडे हुमायून, पहिल्या अब्बासकडे बुखाऱ्याचा वली मुहम्मद खान आणि दुसऱ्या अब्बासकडे त्याच गादीवरून हुसकला गेलेला नजर मुहम्मद खान. तिन्ही पाहुणे सत्ता गमावून मदत मागायला आलेले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. १६४९ साली दुसऱ्या अब्बासने मुघलांकडून कंदाहार जिंकून घेतले आणि पुढे औरंगजेब व दारा शुकोह यांनी मोहिमा काढूनही ते मुघलांना परत मिळाले नाही. अशा काळात शाहजहानच्या आजोबांच्या वडिलांना इराणच्या बैठकीवर आश्रित पाहुणा म्हणून रंगवून ठेवणे ही केवळ सजावट नव्हती, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. येणाऱ्या प्रत्येक वकिलाला त्या भिंतीखाली बसावे लागत होते.

उरलेली दोन चित्रे सफवी सत्ता संपल्यानंतर रंगवली गेली. एकात चाल्दिरानची १५१४ ची लढाई आहे. प्रत्यक्षात ती लढाई तुर्कांच्या सुलतान सलीमने जिंकली होती, पण भिंतीवर मात्र शाह इस्माईलच सगळ्यांत मोठा वीर दिसतो. दुसरे चित्र १७३९ च्या कर्नालच्या लढाईचे आहे. त्यात नादिरशाह घोड्यावर आणि दिल्लीचा मुहम्मदशाह हत्तीवर आहे. चिमाजी अप्पांच्या फौजा वसईभोवती मोर्चे लावून बसल्या होत्या, त्याच दिवसांतली ही घटना आहे. नव्या सत्तेने स्वतःसाठी वेगळी इमारत न शोधता जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यात आपला विजय नेऊन बसवला. हुमायूनच्या चित्राचा अर्थ नादिरच्या काळातही लोकांना स्पष्ट कळत होता, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

या मोठ्या चित्रांच्या खाली, नजरेच्या उंचीवर, वेगळाच मामला आहे. तेथे बागेत बसलेली युगुले, सुरई घेतलेले तरुण आणि झाडाखाली लवंडलेल्या स्त्रिया लहान चौकटींत रंगवलेल्या आहेत. वळणदार रेषा आणि एका बाजूला झुकलेली शरीरे ही रिझा अब्बासीच्या वळणाची आहेत. १६३५ साली मरण पावलेला हा चित्रकार मुख्यतः सुट्या पानांसाठी प्रसिद्ध होता. श्रीमंत रसिक अशी पाने संग्रहात चिकटवून ठेवत असत आणि तीच पाने येथे मोठी होऊन भिंतीवर गेली आहेत. बाहेरच्या बाजूला युरोपीय पोशाखातील पूर्णाकृती माणसेही आहेत, कारण इस्फहान हे तेव्हा डच व इंग्रज व्यापाऱ्यांचे आणि आर्मेनियन सावकारांचे शहर होते आणि शाहच्या पदरी डच चित्रकारही काम करून गेले होते. तांबेकर वाड्यातील युरोपीय व्यक्ती पाहून इराणची आठवण होते ती बहुधा यामुळे. पण बडोद्याच्या चित्रकाराला त्यासाठी इस्फहानकडे पाहण्याची गरज नव्हती. साहेब लोक बडोद्याच्याच रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यात, राहत होते.

आता प्रश्न प्रभावाच्या मार्गाचा. भिंत प्रवास करीत नाही. त्यामुळे एका भिंतीचा प्रभाव दुसऱ्या भिंतीवर पडला असे कोणी म्हटले की मी प्रथम वाहक विचारतो: कोणता माणूस, कोणती पोथी, कोणता खाका (चित्राचा कच्चा आराखडा) इकडून तिकडे गेला? इराण आणि हिंदुस्थान यांच्या बाबतीत याचे उत्तर नावानिशी देता येते. हुमायून १५४४ साली तहमास्पाच्या दरबारी पोहोचला आणि त्यानंतर काही वर्षांत मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे दोन इराणी चित्रकार काबूलला त्याच्या पदरी आले. पुढे अकबराच्या कारखान्यात त्यांच्याच देखरेखीखाली हम्झानामा या वीरकथेची सुमारे चौदाशे मोठी चित्रे कापडावर तयार झाली आणि त्या कारखान्यात गुजराती व राजस्थानी चित्रकारही शिकून तयार झाले. लोडाला टेकलेला राजा, त्याच्या दोन्ही बाजूंना हुद्द्याप्रमाणे उभी माणसे, समोर नाचगाणे आणि मागे उंच क्षितिजापर्यंत चढत गेलेली जमीन, ही मांडणी तेथून रजपूत दरबारांत आणि पुढे मराठी सरदारांच्या वाड्यांत उतरली. प्रत्येक मुक्कामावर ती बदलली आणि स्थानिक झाली.

येथे सनावळीकडे अवश्य पाहावे. हुमायूनच्या भेटीचे चेहेल सोतूनमधील चित्र त्या भेटीनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले आहे आणि तोपर्यंत मुघल चित्रकला अकबर, जहांगीर व शाहजहान अशा तीन पिढ्या पाहून प्रौढ झाली होती. म्हणजे आपल्याकडील दरबारी चित्रे इस्फहानच्या भिंतीवरून आली असणे कालदृष्ट्याच शक्य नाही. दोघांचा उगम इराणी पोथीचित्रांत आहे आणि त्यांचे नाते बापलेकाचे नसून फार तर लांबच्या चुलतघराण्यांचे आहे.

शिवाय वाहतूक एकाच दिशेने नव्हती. जहांगीरने १६१३ साली खान आलम याला वकील म्हणून इराणला पाठवले, तेव्हा शाह अब्बासचे हुबेहूब चित्र काढण्यासाठी बिशनदास हा चित्रकार त्याच्याबरोबर दिला होता. परतल्यावर बादशाहने खूश होऊन बिशनदासला हत्ती बक्षीस दिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर शेख अब्बासीसारख्या इराणी चित्रकारांच्या कामात हिंदुस्थानी चेहरे आणि हिंदुस्थानी छटाकाम स्पष्ट दिसते. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. प्रभाव म्हटला की तो बाहेरून आत आलेला असणार, असे आपण गृहीत धरतो.

प्रश्न: इस्लाममध्ये सजीवांची चित्रे निषिद्ध मानली जात असताना राजवाड्यांच्या भिंतींवर माणसे, तीही मद्यपान करणारी, कशी रंगवली गेली? (एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे)

मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत माणसाचे चित्र नसते, हा दंडक जवळजवळ सर्वत्र पाळला गेला. राजवाडा ही खाजगी आणि दरबारी जागा होती व तेथे धर्मशास्त्र्यांची नापसंती असूनही चित्रे चालत असत. ती नापसंती पोकळ नव्हती, हे दाखवणारी एक कथा अकराव्या शतकातील इतिहासकार बैहकीने लिहून ठेवली आहे. गझनीच्या महमूदाचा मुलगा मसूद तरुणपणी हेरातला होता. त्याने बागेत दुपारच्या विश्रांतीसाठी एक दालन बांधून त्याच्या भिंती वरपासून खालपर्यंत शृंगारिक चित्रांनी रंगवून घेतल्या. ही चित्रे एका कामशास्त्रीय पोथीवरून घेतलेली होती. महमूदाने मुलाच्या घरात हेर पेरले होते. त्यांच्याकडून बातमी लागताच त्याने एक स्वार तातडीने रवाना केला आणि कोणालाही न विचारता थेट त्या दालनात शिरून पाहण्याचा हुकूम दिला. पण मुलानेही बापाच्या दरबारात आपली माणसे ठेवलेली होती. त्यांचा निरोप आधी पोहोचला, भिंतींना घाईने गिलावा करून त्या पांढऱ्याशुभ्र करण्यात आल्या आणि स्वाराला तेथे काहीच सापडले नाही.

ही कथा मला दोन कारणांसाठी मोलाची वाटते. भिंतीवरचे चित्र पोथीतून आले होते हे ती नोंदवते; आणि ते लपवावे लागले हेही नोंदवते. याच घराण्याच्या, आजच्या अफगाणिस्तानातील लश्करी बाजार येथील राजवाड्यात फ्रेंच उत्खननकर्त्यांना दरबाराच्या भिंतीवर ओळीने उभे असलेले शरीररक्षक रंगवलेले सापडले. ती चित्रे मात्र लपवण्याजोगी नव्हती, कारण ती सुलतानाचा दरारा वाढवीत होती.

परंपरा इस्लामपूर्व काळातील आहे, हेही ध्यानात घ्यावे. समरकंदजवळ अफ्रासियाब येथे १९६५ साली सातव्या शतकातील एका दालनाच्या भिंती सापडल्या. तेथे सोग्दी राजाकडे नजराणे घेऊन आलेल्या चिनी व इतर वकिलांच्या रांगा आहेत. सोग्दी हे इराणी कुळातीलच लोक. त्यांच्या पंजिकेंत या नगरातील एका घराच्या भिंतीवर इराणी वीर रुस्तमच्या पराक्रमांची मालिका आहे आणि ती फिरदौसीने १०१० साली पूर्ण केलेल्या शाहनामा या महाकाव्याच्या दोन-अडीच शतके आधीची आहे. वकील, वीर आणि मेजवानी हे तीन विषय चेहेल सोतूनपर्यंत टिकून राहिले.

चित्रांचा नाश नेहमी धर्मामुळेच झाला असेही नाही. चेहेल सोतूनमधील कित्येक चित्रे एकोणिसाव्या शतकातील काजार घराण्याच्या काळात गिलाव्याखाली गेली होती. १९६० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांच्या पथकाने जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि आज दिसते ते बरेचसे त्यांच्या कामामुळे दिसते.

प्रश्न: या चित्रांना फ्रेस्को म्हणता येईल काय? (एक कलाशिक्षक, बडोदे)

काटेकोरपणे नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात आणि चुना सुकताना तो रंग आत धरून ठेवतो. इस्फहानला जिप्समच्या सुकलेल्या गिलाव्यावर सरस किंवा डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले आहेत. आपल्या अजिंठ्याची पद्धतही कोरड्या लेपावरचीच आहे. ओल्या चुन्यावरचे घोटीव काम पाहायचे असेल, तर त्यासाठी जयपूरची आराइश आहे. कोरड्या पद्धतीत चित्रकाराला दुरुस्तीला सवड मिळते आणि बारीक तपशील भरता येतो, पण ओल लागली की पापुद्रे सुटतात.

प्रश्न: अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात इराणच्या बादशाहाने पुलकेशीकडे पाठवलेली वकिलात रंगवली आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. मग इराणी चित्रकलेचा प्रभाव त्या काळापासून मानावा काय? (एक वाचक, इंदूर)

हे मत जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली मांडले. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे इराणचा बादशाह खुस्रू परवेझ याच्याशी संबंध असल्याचा उल्लेख तबरी या इतिहासकाराने केलेला आहे. पहिल्या लेण्यातील चित्रात टोकदार टोप्या घातलेली दाढीवाली परदेशी माणसे राजाला भेटवस्तू देत आहेत. फर्ग्युसन यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. कल्पना आकर्षक होती, त्यामुळे ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि तेथे दीर्घकाळ राहिली.

अडचण कालगणनेची आहे. पुलकेशीची कारकीर्द सातव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे आणि आज बहुतेक अभ्यासक पहिले लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. ते चित्र एखाद्या बौद्ध कथेतील राजाच्या दरबाराचे असावे, असे आता समजले जाते. त्यातील परदेशी माणसे खरी आहेत, त्याच लेण्याच्या छतावरही तशाच पेहरावातील मद्यपान करणारी मंडळी आहेत, आणि अशा व्यापाऱ्यांना चित्रकारांनी पाहिलेले असणार हे उघड आहे. पण इराणी माणसे रंगवणे वेगळे आणि इराणी पद्धतीने रंगवणे वेगळे. अजिंठ्याची रेषा, शरीराची घडण आणि छायेचा उपयोग संपूर्णपणे येथलाच आहे.

प्रश्न: नंतरच्या चित्रकारांवर या राजवाड्यांचा प्रत्यक्ष परिणाम कोठे दिसतो? बडोद्याच्या चित्रकारांत तो आहे काय? (कलाशाखेचा एक माजी विद्यार्थी, बडोदे)

सर्वांत थेट परिणाम इराणमध्येच दिसतो. काजार घराण्याच्या फतह अली शाहने तेहरानच्या नेगारेस्तान राजवाड्यात १८१२-१३ च्या सुमारास अब्दुल्ला खान या चित्रकाराकडून एक प्रचंड दरबारचित्र काढून घेतले. मध्ये सिंहासनावर शाह, दोन्ही बाजूंना त्याच्या मुलांच्या रांगा आणि खाली दरबारी व परदेशी वकील, अशा जवळजवळ माणसाच्या उंचीच्या ११८ आकृती त्यात होत्या. इंग्रज आणि फ्रेंच वकील तेथे एकाच वेळी हजर दिसतात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या वर्षी आले होते आणि एकमेकांना शह देण्यासाठीच आले होते. त्यांत इंग्रज वकील जॉन माल्कमही आहे. महिदपूरची लढाई आणि १८१८ चा मंदसोरचा तह यांमुळे माळव्यातील मराठी वाचकांना हे नाव नव्याने सांगायला नको. इस्फहानच्या भिंतीवर आश्रित राजे होते, तेहरानच्या भिंतीवर त्यांच्या जागी युरोपीय वकील आले आणि मांडणी मात्र तीच राहिली. ज्या शाहने रशियापुढे प्रदेश गमावले, त्याने भिंतीवर सारे जग आपल्यासमोर उभे केले, ही त्या चित्राची खरी गंमत आहे. ते मूळ चित्र आज अस्तित्वात नाही. त्याच्या कागदावर केलेल्या प्रती राहिल्या आणि त्यांच्यावरूनच आपण त्याविषयी बोलतो.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेहरानच्या कहवाखान्यांतून हुसेन कोल्लर-आगासी आणि मुहम्मद मुदब्बिर यांच्यासारखे चित्रकार शाहनाम्यातील व करबलातील प्रसंग मोठ्या कापडावर तैलरंगांत काढू लागले. कथेकरी त्या चित्रांसमोर उभा राहून आख्यान लावत असे. राजवाड्यातील युद्धचित्रांची भव्यता अशी रस्त्यावर उतरली. माझ्या मते नेगारेस्तानच्या रांगांपेक्षा या चित्रांत अधिक जीव आहे.

पॅरिसच्या मातीस या चित्रकाराचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९१० साली म्युनिकला भरलेले इस्लामी कलेचे मोठे प्रदर्शन त्याने पाहिले आणि त्याच्या खोल्यांच्या सपाट, नक्षीने भरलेल्या चित्रांना त्यातून बळ मिळाले, हे खरे आहे. पण म्युनिकमध्ये भिंती आणता येत नव्हत्या. त्याने पाहिले ते पोथ्यांची पाने, गालिचे, वस्त्रे आणि भांडी.

बडोद्याविषयी बोलायचे, तर कीर्तिमंदिर या गायकवाडांच्या स्मारकातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आधी बाजूला काढावी लागतील. गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकातील नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध हे विषय त्यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवले. त्यांच्या हाताखालची शिदोरी अजिंठ्याची आणि बाघ लेण्यांची होती; बाघच्या चित्रांच्या प्रती तर त्यांनी व असितकुमार हलदार आदींनी १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानासाठी केल्या होत्या. नंदलालांचे गुरू अवनींद्रनाथ मुघल चित्रांचे भक्त होते, त्यामुळे इराणचा एक पुसट अंश वारशाने आला असे म्हणता येईल, पण भिंतीवर तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

बडोद्याच्या विद्यापीठाच्या कलाशाखेत मात्र एक नाव निःसंशय घ्यावे लागते, ते गुलाममोहम्मद शेख यांचे. १९६९ ते १९७३ या काळात त्यांनी रंगवलेल्या, दीर्घ काळानंतर घरी परतण्याच्या चित्रात वर आकाशात इराणी पोथीतील मेराजच्या, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या, चित्रातून घेतलेला बुराक हा त्यांचा दिव्य वाहनपशू आणि देवदूत आहेत व खाली त्यांच्या बालपणीची वस्ती आणि आई आहे. उसनवारी येथे उघड आहे आणि ती तशी दिसावी हाच हेतू आहे. पुढे १९८१ ते १९८४ मध्ये त्यांनी बडोदे शहरावर काढलेले विशाल चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात दंगल, बाजार, गप्पा आणि भाजी विकणारी बाई हे सारे एकाच वेळी चालू आहे आणि पाहणाऱ्याला उभे राहण्यासाठी एकच एक जागा दिलेली नाही. ही रचना इराणी व मुघल पानांतून आली आहे. इटलीतील सिएना येथील नगरभवनात अँब्रोजिओ लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या सुशासित नगराच्या भिंतीचाही शेख यांच्यावर मोठा प्रभाव आहे. म्हणजे बडोद्याच्या या चित्रकाराने इराणकडून पाने घेतली आणि भिंत घेतली ती इटलीची.

शेख यांनी १९९६ साली प्रत्यक्ष भिंतीसाठी केलेले काम, त्यांचा जीवनवृक्ष, भोपाळला चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या विधानभवनात आहे. अजिंठ्याविषयी विचारणाऱ्या इंदूरच्या वाचकांना ते इस्फहानपेक्षा बरेच जवळ पडेल.